गच्चीवरून गुरू ग्रहाचे फोटो काढा आणि ते शास्त्रज्ञांच्या कामी येतील असे पाठवा

हबल दुर्बीण गुरूची पूर्ण पाहणी करते ती साधारण वर्षातून एकदा, आणि नासाचं जुनो यान २०१६ पासून गुरूभोवती फिरत असलं तरी ढगांच्या अगदी जवळ थोडाच वेळ असतं. मधल्या सगळ्या रात्री बघायचं कुणी? तर हौशी लोकांनी. १९ जुलै २००९ ला ऑस्ट्रेलियातल्या अँथनी वेस्लींना घरच्या साडेचौदा इंची दुर्बिणीतून गुरूवर नवा काळा डाग दिसला, त्यांनी लगेच कळवलं आणि मग हवाईतल्या नासाच्या इन्फ्रारेड दुर्बिणीनं काहीतरी आदळल्याचं पक्कं केलं. कोल्हापुरात रात्रीचे दहा वाजतात तेव्हा अमेरिकेत लख्ख दिवस असतो, म्हणजे त्या वेळचं गुरूचं तोंड तिथल्या कुणाला दिसतच नाही, म्हणून आपल्याकडच्या फोटोंना किंमत आहे.

आधी जागा. पन्हाळ्याला, जोतिबाला जायची काही गरज नाही, गुरू एवढा ठळक असतो की राजारामपुरीतल्या दिव्यांचा त्याला फरक पडत नाही. फरक पडतो हवेच्या थरथरीचा, आणि दिवसभर तापलेला स्लॅब निम्मी रात्र गरम हवा सोडत राहतो, त्यामुळं परसात मातीवर जागा असेल तर गच्चीपेक्षा ती बरी. दुर्बीण तासभर आधी बाहेर काढून ठेवा, आरसा थंड होऊ दे. पावसाळ्याचं विसराच.

सामान म्हणाल तर ८ इंची दुर्बीण, ग्रह आपोआप धरून ठेवणारा माउंट आणि ग्रहांसाठीचा व्हिडिओ कॅमेरा, बास. अडॅप्टर किंवा लोखंडी स्टँड लागला तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या भागात, लेथवाल्याकडं माप घेऊन जा, ही सोय प्रत्येक गावाला नसते. आरशांचं कोलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत नीट जुळलेत का, ते मात्र दरवेळी तपासा.

आता शूटिंग. फायरकॅप्चरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये दोनेक मिनिटांचा व्हिडिओ घ्या, जास्त नको, कारण गुरू ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो म्हणजे मिनिटाला ०.६ अंश, आणि लांबलचक व्हिडिओत बारकावे पुसट होतात.

आणि वेळ! खरं काम इथंच आहे बघा. लॅपटॉपचं घड्याळ रेकॉर्डिंग सुरू करायच्या आधी इंटरनेटवरून जुळवून घ्या. ५ मिनिटं चुकली तर डाग ३ अंश सरकतो, गुरूच्या विषुववृत्तावर ते जवळपास पावणेचार हजार किलोमीटर होतात. फाइलच्या नावात जागतिक वेळ लिहायची, म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा, आणि ती व्हिडिओच्या मधोमधची. वजाबाकी राहिली तर सुमारे २०० अंशांची चूक होते आणि तुमचा डाग गुरूच्या पाठीमागं जाऊन बसतो. फोटो थोडा धूसर असला तरी चालतो हो, पण वेळेत गोंधळ असेल तर देखणा फोटोसुद्धा मोजमापाला बाद.

ऑटोस्टॅकर्ट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओतल्या चांगल्या फ्रेम्स निवडून एकत्र करा आणि मग शार्प करा, पण जपून. एआयनं फोटो खुलवायचे ॲप तर लांबच ठेवा, ते नसलेले ढग काढून देतं. विनज्यूपॉस या ग्रहांचे फोटो मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही स्वतःपण डागाचे रेखांश मोजू शकता. तोच डाग पुढच्या रात्रींत किती सरकला त्यावरून तिथल्या वाऱ्याचा वेग निघतो, आणि मला तर फोटोपेक्षा यातच जास्त मजा वाटते.

पाठवायचं कुठं? स्पेनमधलं बास्क कंट्री विद्यापीठ पीव्हीओएल नावाचा ग्रहांच्या फोटोंचा संग्रह चालवतं, ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचा गुरू विभाग आहे, जपानचा आल्पो हा हौशी निरीक्षकांचा गट आहे. ग्रह, तारीख, वेळ, फिल्टर, नाव, दुर्बीण एवढं द्यायचंच, आणि मूळ व्हिडिओ लगेच उडवायचा नाही.

कारण टक्कर झाली तर चमक एकदोन सेकंदच दिसते आणि स्क्रीनकडं बघताना ती सहज निसटते. मार्क डेलक्रॉ यांचं डिटेक्ट सॉफ्टवेअर सगळे व्हिडिओ चाळून अशी चमक शोधतं. काही सापडलं नाही तरी त्याची लॉग फाइल, म्हणजे काय काय तपासलं याची नोंद, पाठवा, एकूण किती तास गुरूवर नजर होती हे कळल्याशिवाय अशा टकरा वर्षाला किती होतात याचा अंदाज बांधता येत नाही.