साइटची मांडणी बदलायला बसण्याआधी

पावसाळा लागला की कोकणात या कामाला वेळ मिळतो. आंब्याच्या पेट्या रवाना झालेल्या असतात, पर्यटक ओसरलेले असतात, १ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद होते. गावाची किंवा घरगुती निवासाची वेबसाइट नीट करायचं बरेच जण याच दिवसांत मनावर घेतात. त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमच्या खाडीकाठच्या गावाची साइट मी सांभाळते. फेरीबोटीच्या वेळा, एसटी, राहायची-जेवायची सोय आणि देवळाचे उत्सव एवढंच तिच्यावर असतं. बॅकअप घ्या, पासवर्ड हाताशी ठेवा, हे सांगायला नको.

पहिलं काम जुन्या पत्त्यांचं, म्हणजे पानांच्या लिंकचं. रंग, मेनू, फोटो सगळं त्यानंतर. आत्ता साइटवर असलेल्या प्रत्येक पानाचा पत्ता एका शीटमध्ये उतरवा आणि शेजारच्या रकान्यात त्याचा नवा पत्ता लिहा. एकही रकाना रिकामा राहता कामा नये. गेल्या वेळी माझं नेमकं हेच राहिलं. मेनू सुटसुटीत झाला, पानांना नवी नावं मिळाली आणि धक्क्यावरच्या फलकाचा क्यूआर कोड स्कॅन केला की ‘पान सापडलं नाही’ एवढंच दिसू लागलं. दाभोळ-धोपावे घ्या नाहीतर जयगड-तवसाळ, शेवटची फेरी चुकली की रस्त्याने अख्ख्या खाडीला वळसा पडतो. अशा ठिकाणी वेळांचं पान न उघडणं म्हणजे कुणाची तरी रात्र फुकट जाणं.

पत्ते गोळा करायला साइटमॅप (साइटवरच्या पानांची यादी) बघा, गूगलचं सर्च कन्सोल (साइट शोधात कशी दिसते ते सांगणारं साधन) बघा, होस्टिंगवाल्याकडून सर्व्हरचे लॉग, म्हणजे कुठलं पान कधी मागितलं गेलं त्याच्या नोंदी, घ्या. साइट फिरून पत्ते गोळा करणारं स्क्रीमिंग फ्रॉग ५०० पत्त्यांपर्यंत फुकट चालतं, छोट्या साइटला तेवढं पुरतं. पण त्यावर थांबू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्या साइटचं नाव टाकून शोधा. वाडीच्या ग्रुपवर, मुंबईकर चाकरमान्यांच्या ग्रुपवर कुठल्या पानांच्या लिंक फिरताहेत ते दिसेल. मग चपला घाला आणि धक्का, एसटी स्टँड, देवळाचा फलक, पेटीवरचं स्टिकर, जिथे जिथे क्यूआर छापलाय तिथे जाऊन स्वतःच्या फोनने स्कॅन करा. छापलेला कोड दुरुस्त करता येत नाही. तो ज्या पत्त्यावर नेतो तो पत्ता जिवंत ठेवणं एवढंच आपल्या हातात असतं.

आणि हा प्रश्न फक्त पाहुण्यांचा नाही. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही तो माणूस टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी अँड्रॉइड फोनमधली सोय, लावून फोन वापरतो. त्याने वेळांचं पान होम स्क्रीनवर ठेवलेलं असतं, तिथून तिसऱ्या शीर्षकावर उडी मारली की हवी ती वेळ ऐकू येते, हे त्याच्या बोटांना पाठ झालेलं असतं. पत्ता मेला की तो पुन्हा पहिल्यापासून चाचपडायला लागतो. सुलभ साइट करतोय म्हणायचं आणि त्याचीच वाट तोडायची, हे मला पटत नाही.

तांत्रिक भाग थोडा आहे, पण नीट करा. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ लावा, म्हणजे पान कायमचं हललंय असं सांगून आपोआप पुढे नेणारं वळण. ३०२ नको, तो तात्पुरत्यासाठी असतो. सगळे जुने पत्ते मुखपृष्ठाकडे ढकलू नका. बोटीची वेळ बघायला आलेल्याला समुद्राचा फोटो दाखवून काय उपयोग? पानाच्या आतल्या भागाची लिंक असेल, म्हणजे पत्त्यात हॅशचं चिन्ह असेल, तर त्यापुढचा तुकडा सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. तो ब्राउझरपाशीच राहतो. त्यामुळे तिथे सर्व्हरवरून वळवणं चालत नाही, नव्या पानावर त्या भागाचा जुना आयडी, म्हणजे हॅशपुढचं तेच नाव, तसाच ठेवावा लागतो. हे कुणी सांगत नाही. गूगलचं म्हणणं ही वळणं किमान वर्षभर ठेवा असं आहे. फलकांसाठी ती कायमची ठेवा.

आता मेनू. पाच-सहा शब्द, आणि ते लोकांच्या तोंडचे. ‘जलवाहतूक सेवा’ कुणी शोधत नाही, ‘बोटीच्या वेळा’ शोधतात. ‘निवास व्यवस्था’पेक्षा ‘राहायला’ बरं. सगळ्या पानांची नावं चिठ्ठ्यांवर लिहा, चार-पाच जणांपुढे टाका, कुठली चिठ्ठी कशाबरोबर जाते ते त्यांनाच लावू द्या. त्यात एक बागायतदार हवा, एक नुकता मुंबईहून आलेला हवा आणि एक साठीपुढची बाई हवीच. ती कुठे अडते ते बघा, मध्ये बोलू नका. मोठ्या पडद्यावर मेनू तीन रेघांमागे लपवू नका; फोनवर लपवलात तर रेघांशेजारी ‘मेनू’ असा शब्द लिहा. माउस वर नेल्यावरच उघडणारे उपमेनू काढून टाका, बोटाला ते उघडत नाहीत. क्रम प्रत्येक पानावर तोच, फोन नंबरही त्याच जागी.

इथेच गोची होते, म्हणून पुन्हा सांगते. मेनूतलं नाव बदललं म्हणून पानाचा पत्ता बदलायची गरज नसते. नाव खुशाल बदला, पत्ता राहू द्या. बदलायलाच लागला तर शीट उघडा आणि आधी तिथे लिहा. नवा पत्ता देवनागरीत ठेवायचा मोह होईल, मलाही होतो. पण कॉपी करून पाठवला की बऱ्याचदा एकेका वर्णाची नऊ-नऊ चिन्हं होतात, तीनोळी लिंक पाहून माणसं फसवणुकीची म्हणून पुसून टाकतात. रोमन लिपीत, छोटा आणि फोनवर तोंडी सांगता येईल असा ठेवा.

वेळापत्रकाचा फोटो टाकू नका. हाताने लिहिलेल्या फलकाचा फोटो टॉकबॅकसाठी कोरा असतो, शिवाय खाडीत रेंज एवढीशी असताना तो उघडतही नाही. साधा तक्ता करा, वरच्या ओळीला शीर्षकाचा दर्जा द्या. जुना मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉण्टमध्ये टंकलेला असेल तर आधी युनिकोडमध्ये आणा. डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात, आणि वाचक यंत्र तीच बडबडतं. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये लिहायला विसरू नका, नाहीतर इंग्रजी आवाज मराठीवर चालवला जातो. देवनागरीला ओळींमध्ये जागा जास्त लागते, दीडपटीपेक्षा कमी नको. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेखा तुटते. लिंकखालची रेघ थोडी खाली सरकवा, ती उकारांवरून जाते.

रंगाचं एकच. पांढऱ्यावर फिकट निळी अक्षरं छान दिसतात, पण मे महिन्यात भर दुपारी धक्क्यावर ती वाचून दाखवा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांत ४.५ ला १ एवढा उजेडाचा फरक (कॉन्ट्रास्ट) हवाच, डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीचा साध्या मजकुरासाठी तोच निकष आहे.

माउस बाजूला ठेवून कीबोर्डवरची टॅब कळ दाबत पूर्ण साइट फिरा. आपण कुठे आहोत ती चौकट दिसली पाहिजे, डिझाइनवाल्याने काढली असेल तर परत आणा. वर मेनू ओलांडून नेणारी ‘थेट मजकुराकडे’ अशी लिंक द्या. ३२० पिक्सेल, म्हणजे छोट्या फोनच्या रुंदीत आडवं सरकवायला लागू नये.

बाकी फोटो हलके करा, फॉर्म छोटा ठेवा, पाठवून बघा. गणपतीच्या तोंडावर बदल चढवू नका, चाकरमानी गावात येतात तेव्हा सगळं आधीपासून चालू हवं. चढवल्यावर शीटमधला प्रत्येक जुना पत्ता टाकून बघा, प्रत्येक, नमुन्याला दोन-चार नाही. मग धक्क्यावर जाऊन स्कॅन करा. पहिले काही आठवडे लॉगमधले ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’च्या नोंदी, बघत राहा, राहिलेले तिथेच सापडतात. डोमेनच्या मुदतीची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि पासवर्ड घरातल्या आणखी एकाला देऊन ठेवा.