आजी-नातवंडं घेऊन ट्रेनने उत्तर जपान कसं करायचं

टोकियो-क्योटो सगळेच करतात, पण उत्तरेला तोहोकूत जाणार असाल तर माझं एकच म्हणणं, गावं कमी धरा आणि गोल फिरा, गेलात त्याच रस्त्याने परत येऊ नका. टोकियोहून कोमाची नावाच्या शिंकान्सेनने (म्हणजे बुलेट ट्रेनने) अकिता (साधारण 4 तास), रात्री मुक्काम, दुसऱ्या दिवशी गोनो लाइनने समुद्राच्या कडेकडेने आओमोरी, दोन रात्री तिथं आणि मग शिन-आओमोरीहून हायाबुसा या दुसऱ्या शिंकान्सेनने थेट टोकियो. जेआर ईस्ट या तिथल्या रेल्वे कंपनीचा पास या सगळ्याला चालतो, फक्त शिन-आओमोरीच्या पुढे होक्काइडोत चालत नाही.

आता घोळ कुठे होतो ते सांगतो. लाल कोमाची आणि हिरवी हायाबुसा टोकियोहून एकमेकींना जोडून निघतात आणि मोरिओकाला वेगळ्या होतात, एक अकिताला, दुसरी आओमोरीकडे. आतून एकीतून दुसरीत जाता येत नाही, त्यामुळे कोकणकन्या पकडताना करतो तसं "आधी चढू, मग चालत जाऊ आपल्या डब्यात" हे इथं अजिबात नको. 11 ते 17 डबे कोमाचीचे, प्लॅटफॉर्मवरच्या खुणेपाशी आधीच उभं राहायचं. सगळ्या सीट रिझर्व्ह असतात, बुकिंग महिनाभर आधी सुरू होतं. सीटखालचं पेडल दाबून सीट फिरवली की चौघं समोरासमोर, पोरं खूश! आणि हो, ओमागारीनंतर गाडी उलट्या दिशेने धावते, आमच्या आईला वाटलं परत टोकियोलाच निघालो.

गोनो लाइनवर रिसॉर्ट शिराकामी नावाची गाडी घ्यायची, रोज असेलच असं नाही म्हणून आधी तिची तारीख बघा आणि बाकी प्लॅन तिच्याभोवती बसवा. दोन नंबरच्या डब्यात चौघांचे बॉक्स असतात, ते नाही मिळाले तर समुद्राच्या बाजूची ए सीट. पाचेक तास लागतात पण कंटाळा येत नाही, काही गाड्यांत तर शामिसेन (तीन तारांचं जपानी वाद्य) वाजवणारे येऊन बसतात.

तिकिटाचं म्हणाल तर 6 ते 11 वर्षांच्या मुलांना अर्धं, त्याहून लहान असतील तर एका मोठ्या माणसामागे दोघं फुकट, पण त्यांना वेगळी सीट नाही.

खाण्याचं मात्र शाकाहारी घराने घरूनच बघायचं. नुसतं भाजीचं दिसतं त्यातही दाशी असतं म्हणजे बहुतेक वेळा माशाचा अर्क. दुकानात उमेबोशीची ओनिगिरी (आत खारवलेलं आंबट फळ घातलेला भाताचा गोळा) मिळते पण तिच्याही पाकिटावरचं फोनच्या कॅमेऱ्याने ट्रान्सलेट करून बघा. थेपले, चिवडा, मेतकूट बॅगेत हवंच. इलेक्ट्रिक कुकर घरचा नेऊ नका, तिथं वीज 100 व्होल्ट, आपल्या 230 वाल्यात खिचडी शिजता शिजत नाही, पहिल्या रात्री आम्ही कोमट पाण्यातले तांदूळ बघत बसलो होतो.