पळायला कोणतं घड्याळ घ्यावं : चावीचं की डिजिटल?

साताऱ्यात हिल मॅरेथॉनची तयारी सुरू झाली की आमच्या दुकानात दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं वाढतात. काहींना पळायला नवीन घड्याळ हवं असतं. बाकीचे आजोबांचं किंवा लग्नातलं घड्याळ मनगटावर बांधून यवतेश्वरचा घाट चढायला लागलेले असतात आणि ते बिनसलं म्हणून माझ्यासमोर ठेवतात. वडिलांच्या मागे घड्याळदुरुस्तीचं दुकान मी चालवते आणि शटर उघडायच्या आधी त्याच घाटात पळूनही येते. त्यामुळे सल्ला विचारला की मी दोन्ही अंगांनी बोलते.

उत्तर आधीच देऊन टाकते : डिजिटल घ्या. मात्र त्यासाठी लोक जी कारणं सांगतात त्यातली निम्मी खरी नसतात, आणि कारण चुकलं की घड्याळही भलतंच घेतलं जातं.

एक गोष्ट आधी स्पष्ट करू. काटे दिसले म्हणजे घड्याळ मेकॅनिकल, असं नाही. चावीच्या घड्याळात आपण हाताने कमान गुंडाळतो. ऑटोमॅटिकमध्ये हात हलला की आतलं अर्धगोल वजन फिरतं आणि तेच काम करतं. ही दोन मेकॅनिकल. सेलवर चालणारं काट्यांचं घड्याळ क्वार्ट्झ. ते धक्क्याला चिवट असतं, पण पळता पळता वाचायला काट्यांचंच, म्हणून आजच्या हिशेबात त्याला मी बाजूला ठेवते.

आता नेहमीचं पहिलं कारण : मेकॅनिकल मागेपुढे होतं. होतं ना! जुनं पण नीट सर्व्हिसिंग केलेलं घड्याळ दिवसाला 20-30 सेकंद इकडेतिकडे जातं. पण तुम्ही दिवसभर पळत नाही. दिवसाला 30 सेकंदांची चूक म्हणजे 2 तासांच्या पळण्यात अडीच सेकंद. बूट बांधायला याहून जास्त वेळ जातो. साध्या डिजिटलची चूक महिन्याला 30 सेकंदांच्या आत असते, ते नक्कीच सरस, पण निव्वळ या मुद्द्यावर निर्णय घेऊ नका.

दुसरं कारण : डिजिटल शतांश सेकंदही दाखवतं. त्याचंही तसंच. आपल्याकडे घरोघरी असलेलं एचएमटीचं जनता घ्या. त्याचं बॅलन्स, म्हणजे मागेपुढे झुलत वेळ मोजणारं चाक, तासाला 18,000 ठोके देतं, म्हणजे सेकंदाला 5. सेकंदकाटा पाचव्या हिश्श्याच्या पावलांनीच पुढे सरकणार. बीडच्या अविनाश साबळेचं 2022 सालच्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतलं 3000 मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण अवघ्या 0.05 सेकंदाने हुकलं. पहिल्याची वेळ 8:11.15, त्याची 8:11.20. असल्या घड्याळाने ती शर्यत मोजली असती तर दोघं बहुधा बरोबरीत सुटले असते. पण तिथे वेळ स्पर्धेची यंत्रणा मोजते, आणि तुमच्या-माझ्या शर्यतीतही निकाल बिबमागच्या, म्हणजे छातीवरच्या नंबराच्या कागदामागच्या, चिपवरूनच लागतो. मनगटावरचे शतांश आपल्या कामाचे नाहीत.

तिसरं कारण धक्क्यांचं. इथे घड्याळाचं वय पाहावं लागतं. बॅलन्सच्या दोन्ही टोकांना जी टोकदार दांडी असते ती केसाएवढी बारीक. ती ज्या खड्यात फिरते त्याला धरणारी, धक्का पचवणारी छोटी स्प्रिंग असेल, तर एक मीटरवरून लाकडी फरशीवर पडण्याइतका मार सहन व्हावा, अशी अपेक्षा असते. एचएमटीच्या कितीतरी तबकड्यांवर 'पॅराशॉक' लिहिलेलं असतं, ते याच सोयीबद्दल. असं घड्याळ पळण्याने सहसा मोडत नाही. माझ्याकडे मोडलेल्या दांडीची घड्याळं येतात ती बहुतेक बेसिनवरून पडलेली. पण तबकडीवर तसं काही लिहिलेलं नसेल आणि घड्याळ पन्नासच्या दशकातलं किंवा त्याआधीचं असेल, तर ते घालून चालायलाच जा, पळायला नको.

मग मेकॅनिकलला नाही का म्हणायचं? मुख्य म्हणजे घामामुळे. काचेभोवतीचं, मागच्या झाकणाचं आणि चावीच्या दांड्याचं रबर जुनं झालं की खारं पाणी आधी चावीच्या वाटेने आत शिरतं. झाकण उघडून डोळ्याला भिंग लावलं की दांड्याभोवती तांबूस गंजाचं कडं दिसतं. गिऱ्हाईक सांगतं, चावी जड फिरते. जड फिरणारच, दांडा गंजून फुगलेला असतो. पितळेवर क्रोम चढवलेल्या जुन्या केसची, म्हणजे बाहेरच्या कवचाची, अवस्था आणखी वाईट : पट्टा काढला की तो अडकवायच्या दोन कानांच्या मधे हिरवी मळी, आणि ती खरवडली की खाली खड्डे. चामड्याच्या पट्ट्याची शिवण तर एका पावसाळ्यात कुजते.

दुसरा शत्रू चुंबक. हा पूर्वी फारसा नव्हता, आता पळणाऱ्यांच्या पाऊचमध्येच बसलेला असतो : इअरबड्सची डबी, मोबाइलच्या कव्हरची झडप, बिब लावायची चुंबकाची बटणं. बॅलन्सच्या बारीक स्प्रिंगचे वेढे चुंबकामुळे एकमेकांना चिकटले की ती आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ भरधाव पुढे पळायला लागतं. मागे पडण्याऐवजी अचानक पुढे जायला लागलेलं मेकॅनिकल आलं की मी आधी त्याच्याजवळ होकायंत्र धरते. सुई थरथरली की निदान झालं. चुंबकत्व काढायला काही सेकंद पुरतात, त्यासाठी कुणी पूर्ण सर्व्हिसिंगचे पैसे मागितले तर एकदा कारण विचारा.

आणि शेवटी वाचण्याची अडचण. 5 वाजून 47 मिनिटांनी निघालात, आता 6:33 झालेत, साडेसात किलोमीटर झाले. पेस किती? 46 भागिले साडेसात, म्हणजे किलोमीटरला साधारण 6 मिनिटं 8 सेकंद. टेबलाशी बसून जमतं. चढावर, धापा टाकत, पहाटेच्या अंधारात कुणी करून दाखवावं.

डिजिटल निवडताना

लोक आधी जीपीएसच्या काउंटरकडे वळतात. जरा थांबा. नुकतेच पळायला लागला असाल तर हजार-दोन हजारांतलं साधं डिजिटल पुरतं, पण दुकानात ते हातात घेऊन तपासा.

आधी पाहा, स्टॉपवॉच किती वेळ मोजतं. कॅसिओचं एफ-91डब्ल्यू 1989 पासून विकलं जातंय, वजनाला पिसासारखं, सेल वर्षानुवर्षं टिकतो, मला ते मनापासून आवडतं. पण त्याचं स्टॉपवॉच 59 मिनिटं 59 सेकंदांपर्यंतच जातं. 5 किलोमीटरला उत्तम, 10 ला बहुतेकांना काठावर, 21 ला निरुपयोगी. खोक्यावर ही गोष्ट ठळक लिहिलेली नसते, दुकानदाराला विचारा.

मग लॅप. प्रत्येक फेरीची वेळ वेगळी लक्षात ठेवणारं आणि नंतर दाखवणारं घड्याळ घ्या. टाइमेक्सने 1986 साली आयर्नमन आणलं ते आठ लॅप साठवणारं होतं. आता तीस किंवा जास्तही मिळतात. नुसता 'स्प्लिट' दाखवणाऱ्या घड्याळात आकडा क्षणभर थांबतो, पण साठत नाही. मैदानावर 400 मीटरच्या फेऱ्या मारणाऱ्याला हा फरक लगेच कळतो. पहिली फेरी जोशात आणि आठवी रडत, हे लॅपचे आकडेच तोंडावर सांगतात.

बटणाची परीक्षा मी अशी घेते : बोटं पाण्यात बुडवायची, घड्याळ मनगटावर बांधायचं, हात पळताना हलवतो तसा हलवत, न बघता लॅपचं बटण दाबायचं. घसरलं किंवा शेजारचं दाबलं गेलं तर ते घड्याळ परत खोक्यात. काचेच्या खाली समोरच मोठं बटण असलं तर उत्तम, अंगठ्याने सहज लागतं.

काळ्या पडद्यावर फिकट आकडे असलेली घड्याळं शोकेसमध्ये झकास दिसतात. पहाटे साडेपाचला ती दिसतच नाहीत. फिकट पडदा, गडद आकडे, आणि अख्खा पडदा उजळणारा दिवा घ्या. पाण्याबद्दल इतकंच : '30 मीटर' म्हणजे शिंतोडे आणि हात धुणं. आपल्या पावसात पळणार असाल तर 100 मीटरचं घ्या, किंमतीत फारसा फरक पडत नाही. पळणं-चालणं आलटूनपालटून करणाऱ्यांनी आपोआप परत सुरू होणारा उलटा टाइमर आहे का ते पाहावं. चार मिनिटं पळा, एक मिनिट चाला, बाकीचं पिपाणी सांगेल.

जीपीएस कधी?

रोज नव्या रस्त्याने पळत असाल आणि अंतर माहीत नसेल तेव्हा. निघण्याआधी मोकळ्या जागी उभं राहून सिग्नल पक्का होऊ द्या, पळत पळत पकडायला लावू नका. घाटात एका बाजूला कडा आणि वर झाडं असली की सिग्नल कड्यावरून परतून येतो आणि 'आत्ताचा पेस' वेड्यासारखा उड्या मारतो. तो आकडा पडद्यावरून काढून टाका, लॅपचा सरासरी पेस ठेवा.

हाफ मॅरेथॉनमध्ये घड्याळ 21.1 किलोमीटरऐवजी थोडं जास्त अंतर दाखवतं म्हणून आयोजकांना शिव्या घालू नका. मार्ग मोजतात तो वळणांच्या आतल्या कडेने, सर्वांत कमी अंतराच्या रेषेवर. आपण गर्दी चुकवत वाकडेतिकडे पळतो. आपोआप लॅप बंद करा आणि किलोमीटरच्या पाटीपाशी हाताने बटण दाबा. 2 तासांच्या हाफसाठी किलोमीटरला 5:41 लागतात, पण साताऱ्याच्या घाटात जाताना हा आकडा चिकटवून बसलात तर चढावरच दम संपेल. तिथे चढ आणि उतार यांचे दोन लॅप वेगळे ठेवा.

मनगटावरचा हृदयाच्या ठोक्यांचा आकडा पट्टा सैल असेल तर पावलांची लय मोजायला लागतो. सोपं पळतानाही 170 दाखवत असेल तर पट्टा हाडाच्या बोटभर वर सरकवून घट्ट करा, मग घाबरायचं की नाही ते ठरवा.

तरीही मेकॅनिकलच घालायचं असेल तर

स्टीलची केस, स्क्रूने बसणारी चावी, रबरी किंवा नायलॉनचा पट्टा, आणि काचेभोवती 60 मिनिटांची फिरती कडी. निघताना कडीचा शून्य मिनिटकाट्यासमोर आणा. पुढे काटा कडीवरच्या ज्या आकड्यावर, तितकी मिनिटं झाली, वजाबाकी नको. पाणबुड्यांच्या घड्याळाची कडी एकाच दिशेने फिरते. धक्का लागून सरकली तरी वेळ जास्तच दाखवेल, कमी नाही. पळणाऱ्याचा मूड मात्र जाईल. स्टॉपवॉचवालं मेकॅनिकल क्रोनोग्राफ पळताना वापरू नका. त्याची बटणं हीच घामाला आत जायची आणखी दोन दारं, आणि त्याचं सर्व्हिसिंग साध्या घड्याळाच्या कितीतरी पट महाग पडतं.

घरी आल्यावर चावी घट्ट बंद आहे याची खात्री करून साध्या पाण्याच्या धारेखाली घड्याळ धुवा, पट्ट्याच्या पिनांपाशी मऊ ब्रश फिरवा. जुन्या, पाणी न चालणाऱ्या घड्याळाला नुसतं ओलसर फडकं. गंजलेली पिन पळतानाच तुटते आणि घड्याळ रस्त्यावर जातं. पाच-दहा रुपयांची पिन दर पावसाळ्याआधी बदलून घ्या. डिजिटलचा सेल बदलताना झाकणाचं रबरही पाहायला सांगा. रस्त्याकडेच्या टेबलावर दोन मिनिटांत झाकण दाबून दिलेलं 100 मीटरचं घड्याळ त्या दिवसापासून 100 मीटरचं राहिलेलं नसतं, मग पहिल्याच सरीत काचेच्या आत वाफ दिसते आणि ते माझ्याकडे येतं.