मापातला तिरंगा: मुलांकडून कागदी झेंडा करून घेताना

कागदी झेंड्यात दोन गोष्टी हमखास चुकतात: माप आणि चक्राचे आरे. ध्वजसंहितेत लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२ दिलेलं आहे. त्यातल्या ठरावीक आकारांपैकी २२५ × १५० मिलिमीटरचा आकार ए-फोर कागदावर आरामात बसतो. म्हणजे झेंडा साडेबावीस सेंटिमीटर लांब, १५ रुंद, प्रत्येक पट्टा बरोबर ५ सेंटिमीटर आणि चक्राचा व्यास ४ सेंटिमीटर.

पुण्यात अप्पा बळवंत चौकात कुठल्याही दुकानात जाड कार्डपेपर मिळेल, दोन घ्या. एकाच कागदाच्या दोन्ही बाजू रंगवल्या तर स्केचपेनची शाई पाठीमागे उमटते. दोन्ही कागदांवर आयत आखा आणि काडीसाठी २ सेंटिमीटर जास्तीची पट्टी सोडा, पण पहिल्यावर डावीकडे आणि दुसऱ्यावर उजवीकडे. दोन्हीकडे डावीकडेच सोडली, तर पाठीला पाठ लावल्यावर पट्ट्या दोन टोकांना जातात. मग मुलं एक कागद फिरवतात आणि त्या बाजूला हिरवा वर येतो!

रंगवण्याआधी मधल्या पट्ट्याचे कर्ण अगदी फिके आखा. ते छेदतात तो चक्राचा मध्य. दोन्ही कागद पाठीला पाठ लावून, कडा जुळवून, तिथे टाचणी टोचली की दोन्ही बाजूंची चक्रं एकमेकांच्या नेमकी मागे येतात.

आता कंपास २ सेंटिमीटर उघडून वर्तुळ काढा. आरे २४, म्हणजे दोन आऱ्यांमध्ये १५ अंश. कोनमापकावर ०, १५, ३० असं करत १६५ पर्यंत बारा खुणा करा आणि प्रत्येक रेघ मध्यातून पलीकडच्या कडेपर्यंत न्या. बारा रेघा, चोवीस आरे. १८० वर खूण करू नका, ती शून्याचीच रेघ असते. अंदाजाने एकामागून एक आरे काढत गेलं की चूक साठत जाते आणि शेवटचे दोन आरे एकमेकांना चिकटतात.

चक्राच्या जागी आधी चरखा होता. १९३१ साली काँग्रेसने स्वीकारलेल्या केशरी-पांढऱ्या-हिरव्या झेंड्यावर तो मधोमध होता. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेत ठराव मांडताना नेहरूंनी एक साधी अडचण सांगितली: चरख्याचं चाक एका टोकाला आणि सूत गुंडाळायची चाती दुसऱ्या टोकाला, त्यामुळे मागून पाहिलं की चित्र उलटं दिसतं. अशोकाच्या सारनाथच्या स्तंभावरचं चक्र मात्र दोन्हीकडून सारखंच. मुलांना हे पाठ करायला लावू नका. पातळ कागदावर चरख्याचं चित्र काढून, उजेडात धरून मागून बघा म्हणा.

रंगांचे अर्थ त्याच सभेत डॉ. राधाकृष्णन यांनी उलगडले: केशरी म्हणजे निःस्वार्थ त्याग, पांढरा म्हणजे प्रकाश आणि सत्याची वाट, हिरवा म्हणजे माती आणि झाडझाडोऱ्याशी असलेलं नातं. कुठला रंग कुठल्या धर्माचा, हे मुलं ऐकून आलेली असतात. १९३१ च्या ठरावातच या रंगांना धार्मिक अर्थ नाही असं स्पष्ट केलं होतं, ते जरूर सांगा.

रंगासाठी मेणखडूच बरे. १५ ऑगस्टला पुण्यात पावसाचा भरवसा नसतो आणि जलरंगाचा केशरी पांढऱ्यात उतरतो. पांढरा पट्टा कोराच ठेवा. चक्र सगळ्यात शेवटी, गडद निळ्याने, काळ्याने नाही. काडी दोन्ही कागदांच्या जास्तीच्या पट्ट्यांमध्ये ठेवून डिंक लावा आणि तासभर वजनाखाली दाबा, नाहीतर कागद बाक धरतो.

यापेक्षा जुना झेंडा दाखवायचा तर लांब जायला नको. क्रांतिकारक मॅडम कामा यांनी १९०७ मध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्टला फडकवलेला झेंडा पुण्यातच, केसरी-मराठा ग्रंथालयात आहे. त्यावर चरखाही नाही आणि चक्रही नाही. मधल्या पट्ट्यावर देवनागरीत ‘वंदे मातरम्’ आहे. आपल्या झेंड्यावर मात्र काहीही लिहायचं नाही, मुलाचं नाव आणि इयत्तासुद्धा नाही. वर्गात भिंतीवर उभा लावायचा असेल, तर केशरी पट्टा पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला यायला हवा. फाटला किंवा भिजला, तर रस्त्यावर किंवा कचऱ्यात टाकायचा नाही. मोठ्यांनी घरच्या घरी, मानाने त्याची विल्हेवाट लावावी.