मोठ्या आकड्याची कुंडली कशी काढायची: ८७५३९३१९ घेऊन बघू

आठ कोटी पंच्याहत्तर लाख एकोणचाळीस हजार तीनशे एकोणीस. एवढा आकडा दिसला की लोक डायरेक्ट मोबाईल काढतात, पण ह्याला कागद-पेनच पुरतं. भागाकाराला वाटलं तर घ्या कॅल्क्युलेटर.

आधी शेवटचे दोन अंक बघा, १९. विषम आहे ते दिसतंच, पण १९ ला ४ ने भागलं की बाकी ३ उरते आणि विषम संख्येच्या वर्गाला ४ ने भागलं तर बाकी कायम १ च येते, म्हणजे हा पूर्ण वर्ग नाही, विषय संपला.

मग अंकांची बेरीज. ४५ आली, म्हणजे ९ ने भाग जाणार. हर्षद आहे का तेही इथेच कळतं (आपल्या देवळालीच्या कापरेकर सरांनी दिलेलं नाव, आकड्याला त्याच्याच अंकांच्या बेरजेने भाग गेला की तो हर्षद). ४५ ने भाग जायला शेवटी ० नाहीतर ५ लागतो, इथे ९ आहे, म्हणून नाही.

आता ७, ११, १३ एकदमच उरकायचे. लाख-कोटीचे कॉमे विसरा, उजवीकडून तीन-तीन अंक पाडा: ८७, ५३९, ३१९. आता ३१९ − ५३९ + ८७ = −१३३. १३३ ला ७ ने भाग जातो, ११ आणि १३ ने नाही, मग आपल्या आकड्याचंही तसंच. ७ × ११ × १३ = १००१ आहे म्हणून हे जमतं.

३ ने तीनदा आणि ७ ने एकदा भागून ४६३१७१ उरतात. पुढचा भाग जरा बोअर आहे, एकेक मूळ संख्या लावत बसायचं, ३१ ला लागतो, मग ६७ ला, शेवटी उरतात २२३ आणि ते मूळच (१३ पर्यंत तपासलं की बास, १७ चा वर्ग २८९ होतो). म्हणजे ३³ × ७ × ३१ × ६७ × २२३. घातांकांत एकेक मिळवून गुणा, ४ × २ × २ × २ × २, एकूण विभाजक ६४.

खरी गंमत आता. रामानुजनचा १७२९ दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येतो, आणि आपला हा आकडा तीन प्रकारे, असा सगळ्यात लहान हाच, १९५७ मध्ये जॉन लीचने शोधला. जोड्या काढायच्या कशा? दोन घनांच्या बेरजेला त्या दोन संख्यांच्या बेरजेने भाग जातोच, म्हणजे ती बेरीज त्या ६४ मधलीच एक. शिवाय तिचा घन आपल्या आकड्यापेक्षा मोठा पण त्याच्या चौपटीच्या आत हवा, म्हणजे ४४५ ते ७०४. ह्यात बसतात फक्त चार: ४६९, ६०३, ६५१, ६६९.

६६९ घ्या. आकडा भागिले ६६९ = १३०८५१. ६६९ चा वर्ग ४४७५६१, त्यातून हे वजा करा, ३१६७१० उरतात, ३ ने भागा, १०५५७०. हा झाला दोन संख्यांचा गुणाकार आणि बेरीज ६६९ आहेच, म्हणजे २५५ आणि ४१४. तसंच ६०३ वरून १६७ आणि ४३६, ६५१ वरून २२८ आणि ४२३ निघतात. ४६९ ला मात्र शेवटी ३ ने भागच जात नाही, तो बाद.