मुलाखतीचा फोन न सांगता आला तर काय करावे?

एप्रिल-मे महिन्यात रत्नागिरी किंवा देवगडकडच्या बागेत सकाळी गेलात, तर घरातला शिकलेला मुलगाही आंब्याच्या पेट्या भरायला बसलेला दिसतो. महिन्याभरापूर्वी त्याने लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कंपनीत अर्ज टाकलेला असतो. हाताला चीक, बाजूला टेम्पो सुरू, आणि नेमका तेव्हा फोन वाजतो. "आपने क्वालिटी कंट्रोल के लिए अप्लाय किया था ना? अभी बात कर सकते हैं?" तो गडबडीत "हां हां, बोलिए" म्हणतो. कलमाखाली रेंजची एकच काडी, अर्धी वाक्यं तुटतात, पगाराचा आकडा चुकीचा सांगितला जातो आणि पाच मिनिटांत पलीकडून "हम बताएंगे" येतं.

अंगात गुण असलेली आपली मुलं-मुली अशा पाच मिनिटांत मागे पडतात, याचं मला फार वाईट वाटतं. यातलं बरंचसं टाळता येतं. कसं, ते सांगतो.

आधी पलीकडची बाजू समजून घ्या. फोन करणारी व्यक्ती बहुतेक वेळा एचआर विभागातली किंवा नेमणुका करून देणाऱ्या एजन्सीतली असते. तिच्यापुढे नावांची यादी असते आणि ठरावीक गोष्टी विचारायच्या असतात: अजून नोकरी शोधताय का, आत्ता कुठे आहात, पगाराची अपेक्षा किती, कधी रुजू होऊ शकाल, आणि बोलणं कसं आहे. कामातले खोल प्रश्न विचारणारे साहेब पुढच्या फेरीत येतात. फोन लागला नाही तर ती यादीतल्या पुढच्या नावाकडे वळते. तिचा तुमच्यावर राग नसतो, तिला संध्याकाळपर्यंत यादी संपवायची असते. म्हणूनच तुम्ही नम्रपणे दहा मिनिटं मागितलीत तर ती सहसा देते. अर्धवट ऐकू आलेली उत्तरं तिच्याही उपयोगाची नसतात.

अर्ज टाकाल त्याच दिवशी

बायोडाटावर कुठला नंबर दिलाय ते पाहा. आपल्याकडे दोन सिम असलेले खूप जण असतात. मुंबईत असताना घेतलेलं सिम बायोडाटावर, आणि गावात त्याला रेंजच नाही, असं सर्रास होतं. वाडीत ज्या कंपनीची रेंज चांगली येते तो नंबर पहिला द्या, दुसरा त्याच्याखाली.

अनोळखी नंबर आपोआप गप्प करणारी सोय फोनमध्ये सुरू असेल तर नोकरी मिळेपर्यंत ती बंद ठेवा. कॉलर ट्यूनही काढून टाका. घरात वायफाय असेल तर सेटिंगमध्ये 'वायफाय कॉलिंग' सुरू करा. रेंज नसलेल्या घरातही मग नेहमीच्या नंबरवर नेहमीचा फोन येतो. ही सोय आता बऱ्याच साध्या फोनमध्येही असते, पण ती आपल्याला हाताने सुरू करावी लागते आणि नेमकं तेच राहून जातं.

घरच्यांनाही सांगून ठेवा. फोन चार्जिंगला लावून तुम्ही विहिरीवर गेलात आणि आईने उचलला, तर तिने तीन गोष्टी विचारायच्या: कुठून बोलताय, नाव काय, परत कुठल्या नंबरवर फोन करायचा. "तो बाहेर गेलाय, अर्ध्या तासात करील" एवढं उत्तर पुरतं. हे आईला आधी समजावून सांगितलं की तीही घाबरत नाही.

रेंजची जागा ठरवा

हा भाग शहरातल्या लेखांत सापडत नाही, पण आपल्यासाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा. खाडीकाठची आणि डोंगराच्या कुशीतली वाडी खोलगट असते, वर माडांची आणि कलमांची दाटी, आणि घराच्या भिंती जाड जांभ्याच्या. माजघरात रेंज येतच नाही, पडवीत एखादी काडी येते आणि सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर, गेलं की पूर्ण. आज संध्याकाळी फोन हातात घेऊन घराभोवती फिरा आणि तीन जागा ठरवून टाका.

पहिली जागा घरातली: एखादी खिडकी किंवा पडवीचा कोपरा, जिथे उभं राहून आवाज तुटत नाही. दुसरी, घरापासून पाच-सात मिनिटांवरची: सडा, देवळाची बाजू, शाळेचं पटांगण. तिसरी पावसाळ्यासाठी. जून ते सप्टेंबर पत्र्याच्या छपराखाली जोराची सर आली की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नाही, आणि उघड्या सड्यावर उभंही राहता येत नाही. कौलारू घर किंवा स्लॅब असलेलं शेजाऱ्यांचं घर पाहून ठेवा, त्यांना आधी विचारून ठेवा. वाऱ्याचा आवाज माइकमध्ये फार घुसतो, त्यामुळे सड्यावर किंवा किनाऱ्याजवळ बोलायची वेळ आली तर वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि वायरचा साधा हेडफोन वापरा.

प्रत्येक जागेवरून मित्राला फोन लावून दोन-दोन मिनिटं बोला. काड्या किती दिसतात त्यापेक्षा त्याला कसं ऐकू येतंय ते खरं.

प्रवासात असाल तर हट्टाने बोलू नका. कोकण रेल्वेवर रत्नागिरीच्या उत्तरेला एकट्या करबुडे बोगद्याचीच लांबी साडेसहा किलोमीटर आहे, आणि त्याच्या आगेमागे आणखी बोगदे आहेत. तिथे कुणाचाच फोन टिकत नाही. घाटातल्या एसटीतही तेच. दुचाकीवर असाल तर आधी गाडी बाजूला घ्या. चालवताना बोलणं कायद्याने गुन्हा आहे आणि जिवाशी खेळ आहे.

एक कागद खिशात

वहीचा एक कागद घ्या आणि हाताने लिहा. फोनमध्ये ठेवू नका, कारण तेव्हा फोन कानाला असेल. वरच्या भागात अर्जांची यादी: कंपनी, पद, तारीख, कुठल्या मार्गाने अर्ज केला. दहा ठिकाणी अर्ज केलेला माणूस "कुठली कंपनी?" असं विचारतो तेव्हा पलीकडे फार वाईट वाटतं. कागद असला की हा प्रश्न येतच नाही.

त्याखाली स्वतःची ओळख, बोलून एका मिनिटात संपेल एवढीच. जन्मगाव, आईवडील काय करतात, भावंडं किती, यांत ते मिनिट घालवू नका. शिक्षण, शेवटचं काम आणि त्या कामातली एखादी नेमकी गोष्ट सांगा. "मी मेहनती आहे" असं कुणीही म्हणतं. "मासळी प्रक्रिया कारखान्यात कोल्ड स्टोरेजच्या तापमानाची दर दोन तासांनी नोंद ठेवायचो, आणि तापमान वाढलं की आधी मीच सुपरवायझरला कळवायचो" हे तुमचंच असतं, दुसऱ्याला ते सांगता येत नाही. आंब्याच्या हंगामात मजुरांचा हिशेब ठेवला असेल, घरगुती खानावळ किंवा होम-स्टे सांभाळला असेल, तर तोही अनुभवच आहे. लाजून तो गाळू नका.

तिसरा भाग म्हणजे हमखास विचारले जाणारे व्यवहाराचे प्रश्न. "रोज कसे येणार?" हा आपल्याकडे नक्की येतो. चिपळूणकडचा मुलगा लोट्याच्या नोकरीसाठी बोलत असेल, तर पावसाळ्यात परशुराम घाटात दरड आली की काय होतं, हे पलीकडच्याला माहीत असतं. "बघू, येईन काहीतरी करून" म्हणण्यापेक्षा "कंपनीची बस असेल तर बसने, नाहीतर पहिल्या महिन्यातच तिथे खोली घेईन" असं आधी ठरवून ठेवलेलं सांगा. "कधी रुजू होणार?" यावर "गणपती झाले की" असं मोघम सांगू नका. पुण्यात बसलेल्या बाईंना त्यातून काहीच कळत नाही. तारीख सांगा.

फोन आल्यावरचं पहिलं अर्धं मिनिट

"हॅलो, कोण?" असं नको. स्वतःचं नाव घेऊन सुरुवात करा. मुलाखतीचा फोन आहे हे कळलं की आजूबाजूला पाहा आणि स्वतःला विचारा, इथे वीस मिनिटं नीट बोलता येईल का? येत असेल तर बोला. नसेल तर असं म्हणा:

"नमस्कार, फोन केल्याबद्दल आभार. मला या पदासाठी नक्की बोलायचं आहे. मी आत्ता बाहेर आहे, इथे आवाज तुटतोय. मी दहा मिनिटांत शांत जागी पोचतो. अकरा वीसला तुम्ही फोन कराल, की मी करू?"

यात दोन गोष्टी पाहा. इच्छा आधी सांगितली, अडचण नंतर. आणि "नंतर करा" न म्हणता घड्याळातली वेळ दिली. मग नाव आणि परत करायचा नंबर विचारून घ्या. ऑफिसच्या टेलिफोन बोर्डावरून आलेल्या नंबरवर उलट फोन केला तर तो बऱ्याचदा रिसेप्शनला जातो किंवा लागतच नाही, म्हणून "हाच नंबर चालेल ना?" हे विचारायलाच हवं. लिहायला काही नसेल तर ऐकलेलं नाव मोठ्याने परत म्हणा, लक्षात राहतं.

लहान मूल कडेवर असलेल्या आईनेही हीच दहा मिनिटं मागावीत. "घरी थोडं काम आहे, सव्वाबाराला निवांत बोलते" एवढं पुरे, त्यापुढे कारण द्यायची गरज नाही.

या दहा मिनिटांत पाणी प्या, कागद काढा, ठरलेल्या जागी जा आणि पद नक्की कुठलं ते पाहा. कंपनीबद्दल नव्याने वाचत बसू नका, तेवढ्यात वेळ जातो.

"नाही, आत्ताच बोला" म्हणाले तर

मग बोलायचं. पण आधी एक वाक्य सांगून ठेवा: "मध्ये आवाज गेला तर मी लगेच परत फोन लावीन." म्हणजे फोन कट झाला तरी तुम्ही तो ठेवून दिलात असं वाटत नाही. उभे राहून बोला, आवाज मोकळा निघतो. घाई करू नका. लाइनवर आवाज उशिरा पोचतो, म्हणून समोरच्याचं वाक्य संपल्यावर एक श्वास घेऊन उत्तर द्या. प्रश्न नीट ऐकू आला नाही तर अंदाजाने उत्तर देण्यापेक्षा "पुन्हा सांगाल का?" म्हणा.

भाषेचं ओझं घेऊ नका. कारखान्यातल्या, प्रयोगशाळेतल्या, हिशेबाच्या कामासाठी हिंदीत किंवा मराठीत बोलू का, असं विचारण्यात काही कमीपणा नाही. गणपतीपुळे-तारकर्लीकडच्या हॉटेलात रिसेप्शनची नोकरी असेल तर मात्र इंग्रजीतच उत्तर द्या, छोट्या वाक्यांत, सावकाश. बोलण्यातला आपला हेल लपवायला जाऊ नका. तो लपवण्यात लक्ष गेलं की उत्तर हरवतं.

पगाराचा प्रश्न

गडबडीत सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून थोडं सविस्तर. पलीकडचा आकडा बहुधा 'सीटीसी'चा, म्हणजे कंपनीच्या तुमच्यावरच्या एकूण खर्चाचा असतो आणि आपण हातात येणाऱ्या पैशांचा विचार करत असतो. समजा महिन्याला २५,००० सीटीसी सांगितली आणि मूळ पगार त्याच्या निम्मा, १२,५०० आहे. कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा १२ टक्के वाटा म्हणजे १,५०० रुपये आणि ग्रॅच्युइटीचे साधारण ६०० रुपये बऱ्याच कंपन्या त्या २५,००० मध्येच धरतात. तुमचा स्वतःचा १२ टक्के वाटा आणखी १,५०० कापला जातो, शिवाय पुरुषांचा व्यवसाय कर २०० रुपये (एवढ्या पगारावर महिलांना तो लागत नाही). हातात राहतात २१,२०० च्या आसपास. त्यातून खोलीचं भाडं आणि डबा.

म्हणून घरीच दोन आकडे काढून कागदावर लिहा: हातात किती हवेत, आणि त्यासाठी सीटीसी किती लागेल. विचारलं की दुसरा आकडा सांगा आणि "हा आकडा सीटीसीचा सांगतोय" हेही म्हणा. ठरवलेलंच नसेल तर "कामाचं स्वरूप आणि शिफ्ट कळली की सांगतो" हे चालतं. घाबरून कमी आकडा सांगू नका. पुढची सगळी बोलणी त्याच आकड्यावरून सुरू होतात.

पैसे मागितले की फोन ठेवा

न सांगता आलेला प्रत्येक फोन खरा नसतो. रजिस्ट्रेशन, गणवेश, ट्रेनिंग किंवा लॅपटॉपच्या नावाने पैसे मागितले, किंवा ओटीपी विचारला, तर तिथेच थांबा. आपल्या किनाऱ्यावरून आखातात आणि जहाजावर जाणारे खूप आहेत, त्यामुळे असे फोन इथे नेमके येतात. आखाताच्या नोकरीसाठी एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते पाहा. जहाजावरच्या नोकरीसाठी एजन्सीकडे नौवहन महासंचालनालयाचा 'आरपीएसएल' परवाना हवा, आणि अशा एजन्सीला नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. पहिल्याच फोनवर सीडीसीचे, म्हणजे खलाशाच्या ओळख-नोंद पुस्तिकेचे, फोटो पाठवू नका, आधी परवाना क्रमांक विचारा आणि तपासा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

फोन संपल्यावर

ठेवण्याआधी विचारा: पुढची फेरी कधी, कुठे, आणि निरोप फोनवर येईल की मेलवर? मग लगेच, हात धुवायच्याही आधी, काय बोलणं झालं ते त्याच कागदाच्या मागे लिहा: नाव, वेळ, तुम्ही सांगितलेला पगार, रुजू व्हायची तारीख. पुढच्या फेरीत हेच आकडे पुन्हा विचारतात आणि ते जुळावे लागतात. नंबर कंपनीच्या नावाने सेव्ह करा.

संध्याकाळच्या आत चार ओळींचा मेल किंवा मेसेज पाठवा. आवाज तुटल्यामुळे एखादं उत्तर अर्धवट राहिलं असेल तर ते त्यात पूर्ण करा: "सकाळी रेंजमुळे नीट सांगता आलं नाही, माझा नोटीस पिरियड ३० दिवसांचा आहे." सांगितलेल्या तारखेपर्यंत निरोप आला नाही तर दोन दिवस थांबून, कामाच्या वेळेत, एकदा स्वतः फोन करा. तो फोन पडवीच्या त्या ठरलेल्या कोपऱ्यातून करा.