रोबो गवतकापणीची तार: आधी वर अंथरा, मग पुरा

गवत कापणारा रोबो हिरवळीबाहेर जाऊ नये म्हणून तिच्या कडेने तार घालतात. ती पुरायची घाई करू नका, हे मी सगळ्यात आधी सांगते. मी पहिल्याच दिवशी चर खणून तार पुरून टाकली आणि आठवड्याभरात अर्धी उकरून काढावी लागली. दुसऱ्या वेळी नुसत्या खुंट्या ठोकून ती जमिनीलगत अंथरली. रोबो पंधरा दिवस फिरू दिला, कुठे अडतो, कुठलं गवत सुटतं ते पाहिलं, आणि मगच खुरपं हातात घेतलं. खरं तर पुरलीच पाहिजे असंही नाही. ताणून बसवली तर काही आठवड्यांत गवत तिला पोटात घेतं.

तारेतून अगदी कमी विद्युतदाबाचा सिग्नल फिरतो. तिच्याभोवती तयार होणारं चुंबकीय क्षेत्र ओळखून रोबो मागे वळतो. म्हणजे तार चार्जिंग स्टेशनपासून निघून पुन्हा स्टेशनलाच यायला हवी. वर्तुळ कुठेही तुटता कामा नये.

सुरुवातीला गवत अगदी बुटकं कापून घ्या. स्टेशन सपाट जागी ठेवा आणि समोरची दोनेक मीटर तार सरळ जाऊ द्या, नाहीतर रोबो वाकडा आत शिरतो. भिंत किंवा कुंपण असेल तिथे तार साधारण ३० ते ३५ सेंटीमीटर आत घ्या. गवताच्या पातळीतल्या फरशीपाशी १० सेंटीमीटर पुरतात. नेमकं अंतर यंत्रानुसार बदलतं, त्यासाठी डब्यात मापपट्टी येते. ती वापराच, डोळ्यांचा अंदाज चुकतो. कोपऱ्यात काटकोन न करता तार गोलसर वळवा. खुंट्या पाऊण मीटरवर, वळणांवर आणखी जवळ ठोका. तार जमिनीवरून बोटभरही उचलली गेली, तर पातं तिथेच तिला कापतं.

खरी गोम आहे ती मधल्या वाफ्यांची. हिरवळीच्या मधोमध गुलाबाचा वाफा असेल, तर कडेवरून तार त्याच्याकडे न्यायची, त्याला वेढा घालायचा आणि आल्या वाटेनेच परत आणायची. जाणारी आणि येणारी तार एकमेकींना चिकटून, एकाच खुंटीखाली ठेवा. दोन्हींतला प्रवाह उलट दिशेने वाहत असल्यामुळे तिथलं क्षेत्र जवळजवळ नाहीसं होतं आणि रोबो त्यांच्यावरून बिनधास्त जातो. माझ्याकडे या दोन तारांमध्ये वीतभर अंतर राहिलं होतं, आणि रोबो तिथे भिंत असल्यासारखा थबकायचा. वेढ्याची दिशाही पाहा: कडेने चालताना हिरवळ ज्या हाताला होती, वाफ्याभोवतीही त्याच हाताला राहायला हवी. तारा एकमेकींना ओलांडत असतील, तर दिशा चुकली समजा. जाड खोडाच्या झाडाला वेढा लागत नाही. रोबो धडकतो आणि वळतो.

झाडं वाढणार असतील तिथे वीतभर तार जास्तीची सोडा. मात्र उरलेल्या तारेचं भेंडोळं स्टेशनमागे ठेवू नका, सिग्नल बिघडतो. कापून टाका.

जोडाबद्दल माझं मत ठाम आहे: पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळायची नाही. मी असा एक जोड पावसाळ्यानंतर उघडला, तेव्हा तांब्यावर हिरवी भुकटी धरली होती आणि बोटाने चोळताच तार तुटली. आत जेल भरलेले पाणीरोधक कनेक्टर मिळतात. दोन्ही टोकं पूर्ण आत सरकवून पक्कडीने बटण दाबायचं. जेल बाहेर डोकावलं की जोड झाला.

तार पुरायचीच असेल तर ५ सेंटीमीटर खोली पुरे. झाकण्यापूर्वी प्रत्येक वळणाचा आणि जोडाचा फोटो घ्या, शेजारी मोजायची टेप ठेवून. पुढे कुदळ मारताना हेच फोटो कामी येतात. तरीही तार तुटलीच तर जुना मीडियम वेव्ह रेडिओ कुठलंही रेडिओ केंद्र लागत नाही अशा फ्रिक्वेन्सीवर लावा आणि तारेवरून हळूहळू न्या. बऱ्याच यंत्रांच्या तारेवर ठरावीक तालात खरखर ऐकू येते. ती जिथे थांबेल तिथे उकरा.